फुफ्फुसातल्या जिवाणूंना ऑक्सिजन कमी झाल्याचं कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की फुफ्फुसात हवा सतत खेळती असते, मग तिथल्या जिवाणूंना ऑक्सिजन कमी पडतोच कसा, आणि पडला तर ते जनुकं बदलतात म्हणजे नेमकं काय करतात?

आधी दुसरा भाग. जनुकं तीच राहतात. त्यातली कोणती वाचायची आणि किती, हे बदलतं.

आता ऑक्सिजनचं. बाहेरच्या हवेत तो 21 टक्के, निरोगी वायुकोशात, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या चिमुकल्या पिशव्यांत, साधारण 13 टक्के. पण आजारी फुफ्फुसाचं चित्र फार वेगळं असतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्ये श्वासनलिकांत घट्ट कफ साचतो. तिथल्या पांढऱ्या पेशी आणि खुद्द जिवाणू मिळेल तेवढा ऑक्सिजन संपवून टाकतात. हा कफ आतून जवळजवळ ऑक्सिजनविरहित असतो, हे 2002 साली प्रत्यक्ष मोजून दाखवलं गेलं. क्षयरोगातल्या गाठींच्या आतही तीच गत.

जिवाणूला हे कळतं ते बहुतेक वेळा लोहामुळे, आणि मला या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. कफात राहणाऱ्या स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूकडे ‘एएनआर’ नावाचं प्रथिन असतं. त्यात लोह आणि गंधकाच्या अणूंचा एक छोटा पुंजका बसवलेला असतो. ऑक्सिजन आला की हा पुंजका मोडतो आणि प्रथिन निकामी होतं. ऑक्सिजन नसला की पुंजका शाबूत राहतो, प्रथिनाच्या जोड्या जमतात, त्या डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतात आणि तिथली जनुकं वाचायला लावतात. मग जिवाणू अत्यल्प ऑक्सिजनही पकडू शकणारी एन्झाइमं बनवतो, आणि तोही संपला तर ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वसन चालू ठेवतो.

क्षयाच्या जिवाणूची तऱ्हा निराळी. त्याच्या ‘डॉस-टी’ प्रथिनात हीम हा लोह असलेला रेणू असतो, आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तोच. हीमला ऑक्सिजन चिकटलेला असेपर्यंत डॉस-टी गप्प असतं. तो सुटला की ते ‘डॉस-आर’ या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं, आणि डॉस-आर सुमारे 48 जनुकांचा संच चालू करतं. वाढ थांबते, पण जिवाणू मरत नाही.

या बदलाला वेळ लागतो, हे मात्र लक्षात ठेवा. अमेरिकन संशोधक लॉरेन्स वेन यांनी क्षयाचे जिवाणू बंद नळ्यांमध्ये अगदी हळू ढवळत वाढवले. आतला ऑक्सिजन जिवाणूंनीच वापरून हळूहळू संपत गेला आणि ते सुप्तावस्थेत टिकून राहिले. ऑक्सिजन एकदम काढून घेतला तर मात्र ते तग धरत नाहीत. म्हणजे ऑक्सिजन घटत असतानाच तयारी झालेली असावी लागते. 1996 मध्ये वेन आणि हेज यांनी या सुप्तावस्थेचे दोन टप्पे वेगळे करून दाखवले. आजही नवी औषधं सुप्त जिवाणूंवर चालतात का, हे तपासायला ही पद्धत वापरतात.

औषधांचा प्रश्न यात अगदी मध्यवर्ती आहे. आयसोनियाझिड हे क्षयावरचं औषध पेशीभित्ती बांधण्याचं काम अडवतं, पण वाढ थांबलेला जिवाणू ते काम जवळपास करतच नसतो. क्षयरोगावर महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्या लागतात, त्यामागचं हे एक मोठं कारण मानलं जातं. टोब्रामायसिनसारखी प्रतिजैविकं जिवाणूच्या पेशीत शिरायला त्याच्या श्वसनाची यंत्रणा जोरात चालू असावी लागते, त्यामुळे ऑक्सिजन नसलेल्या कफात त्यांचा प्रभाव घटतो. तरीही प्रयोगशाळेत औषधाची चाचणी सहसा साध्या हवेत वाढवलेल्या जिवाणूंवरच होते. निदान जुनाट संसर्गात तरी ती कमी ऑक्सिजनमध्येही व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. बेडाक्विलिन हे क्षयावरचं औषध या बाबतीत वेगळं आहे. डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हे औषध जिवाणूचं एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवणारं एन्झाइमच बंद पाडतं, आणि सुप्त जिवाणूलाही जगायला थोडं तरी एटीपी लागतंच.