ड्रोन रात्री उडवला म्हणून नव्हे, देवबागात उडवला म्हणून

प्रश्न: देवबागला आमचं होमस्टे आहे. दुबईच्या मावसभावाने गेल्या वर्षी 249 ग्रॅमचा छोटा ड्रोन आणून दिला. गावच्या जत्रेत रात्री दशावतार चालू असताना तो देवळावरून आणि नंतर खाडीतल्या होड्यांवरून फिरवला. अंधारात दिसावा म्हणून त्याला लुकलुकणारा दिवा चिकटवला होता. फोटो होमस्टेच्या पानावर टाकले. दुसऱ्या दिवशी पोलीस ड्रोन, रिमोट आणि मेमरी कार्ड घेऊन गेले. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीहुकूम मोडला म्हणतात. आता हजर राहण्याची नोटीस आली आहे. रात्री ड्रोन उडवणं गुन्हा आहे का? ड्रोन परत मिळेल का? मोबाईलमधले फोटो पुसून टाकू का?
– एक वाचक, देवबाग

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच पाळायचं आहे. एकही फोटो पुसू नका. पानावरून काढायचे असतील तर काढा, पण मूळ फाइल मोबाईलमध्ये राहू द्या. आत्ता तुमच्यावरचा आरोप हलका आहे. पुरावा नष्ट केल्याचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 238, विनाकारण अंगावर ओढून घेऊ नका.

आता रात्रीचं. 2018 च्या जुन्या नियमांत ड्रोन सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत उडवायचा, असं स्पष्ट होतं. लोकांच्या आणि काही पोलिसांच्याही डोक्यात तेच बसलं आहे. 25 ऑगस्ट 2021 ला आलेल्या ड्रोन नियमांत सूर्यास्ताची ती अट नाही. म्हणजे निव्वळ रात्र झाली होती म्हणून गुन्हा होत नाही. पण हे ऐकून हुशारू नका, तुमची अडचण दुसरीकडे आहे.

ती आहे चिपी. करली नदीच्या पल्याड सड्यावर विमानतळ, अल्याड तुमचं देवबाग. नियम सांगतो की चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच परवानगीशिवाय उडवता येतं. तुम्ही तर 8 किलोमीटरच्या बरेच आत आहात. तिथे परवानगीशिवाय उडवता येईल असं हिरवं क्षेत्र नाहीच. पिवळं असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल असेल तर थेट केंद्र सरकारची. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं घर कुठल्या रंगात येतं ते आजच बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. ‘विमानं येतातच किती?’ हा बचाव मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. कोर्टात तो टिकत नाही.

दुसरी गोम त्या दिव्यात आहे. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या मान्यतेचं प्रमाणपत्र, नको; उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्रही नको. मात्र हे वजन वर लावलेल्या सामानासकट धरतात. तुमच्याकडे फक्त एका ग्रॅमची सवड होती. म्हणजे दिवा आणि त्याची चिकटपट्टी लावल्यावर यंत्र ‘मायक्रो’त, म्हणजे 250 ग्रॅमवरच्या वर्गात, गेलं असणार. तसलाच दिवा मिळाला तर सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा, खात्री होईल. मायक्रोला रिमोट पायलट प्रमाणपत्राची सूट आहे ती बिगरव्यावसायिक वापरापुरती, आणि तुम्ही फोटो होमस्टेच्या जाहिरातीला वापरलेत. चांगल्या हेतूने चिकटवलेल्या दिव्याने तुमची सूटच घालवली. शिवाय नोंदणी क्रमांक नॅनोलाही लागतो. त्याचं शुल्क 100 रुपये आहे. तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तो घेतलेला नाही असं मी धरतो. ड्रोन नियमांखाली दंड 1 लाखापर्यंत होऊ शकतो, पण म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय तो लावता येत नाही.

बंदीहुकुमाकडे मात्र बारकाईने बघायला हवं. असा हुकूम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो आणि साधारणपणे 2 महिनेच टिकतो. जत्रेच्या रात्री तो लागू होता का? त्यात देवबाग येतं का? तो गावात कसा जाहीर केला होता? हुकुमाची प्रत मागा आणि तारीख वाचा. तो मोडल्याचं कलम आहे न्याय संहितेचं 223. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि माणसांच्या जिवाला धोका झाला तर 1 वर्ष किंवा 5,000 रुपये. त्यासाठी हुकूम तुम्हाला माहीत होता हे दाखवावं लागतं. संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्ट या कलमाची दखलही घेऊ शकत नाही. बरीच प्रकरणं इथेच लंगडी पडतात. खरं सांगायचं तर मला हुकुमापेक्षा गर्दीची चिंता जास्त आहे. खाली बायका-मुलं जमिनीवर बसलेली आणि डोक्यावर चार पंखे फिरताहेत, हे चित्र कुठल्याही न्यायाधीशाला आवडणार नाही. निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातल्याचं न्याय संहितेचं कलम 125 लावलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

ड्रोन परत मिळण्यासाठी मॅजिस्ट्रेटसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली मुद्देमाल सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मिळण्याचा अर्ज करावा लागेल. जप्त माल पोलीस ठाण्यात विनाकारण पडून राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे. अर्जात बॅटरीचा वेगळा उल्लेख करा. लिथियमची बॅटरी मुद्देमालाच्या खोलीत महिनोन्महिने पडली तर फुगते, आणि हे कारण कोर्टाला पटतं. सरकारी वकील विचारतील की ड्रोन आणला कुठून. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि तुमचा त्यानंतर आला आहे. त्यामुळे परत मिळेलच अशी आशा मी दाखवणार नाही. ओळखीच्या दुकानातून जुन्या तारखेचं बिल करून घ्यायचा सल्ला कोणीतरी देईलच, आमच्याकडे असे सल्लागार प्रत्येक चहाच्या टपरीवर असतात. ते केलंत तर बनावट दस्तऐवजाचा खटला होईल, आणि त्यात मी तुमचं वकीलपत्र घेणार नाही.

नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची असेल तर दिलेल्या दिवशी जाच. त्यानुसार हजर राहत गेलात तर सहसा अटक होत नाही, न गेल्यास होऊ शकते. जप्ती पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात मेमरी कार्ड लिहिलं आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. विचारतील तेवढंच सांगा. निघताना नोटिशीच्या झेरॉक्सवर हजर राहिल्याची तारीख-वेळेसह पोच घ्या.