अ‍ॅडलेडची टॉरेन्स नदी आणि शहराभोवतालची पार्कलँड्स पहिल्यापासून अशीच आहेत का? नदीकाठाने समुद्रापर्यंत सायकलने जाता येतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. आणि प्रश्नाखाली तुम्ही "तिथल्या लोकांनी दोनशे वर्षं कशी जपली बघा" असं जे लिहिलंय, ते वाचूनच उत्तर द्यायला बसलोय. हे वाक्य मी घरी फार ऐकलंय.

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पहिल्यांदा इकडे आले तेव्हा मी त्यांना मोठ्या तोऱ्यात नदीकाठच्या एल्डर पार्कात नेलं. हिरवळ, काळे हंस, पोपाय नावाच्या फेरफटक्याच्या बोटी, पलीकडे ओव्हल क्रिकेट मैदान. म्हटलं, ही आमची नदी. बाबांनी दोन मिनिटं पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बंधारा कुठाय?"

म्हटलं, बाबा, प्रत्येक पाण्याला बंधारा नसतो.

"हे वाहत नाहीये. हा फुगवटा आहे. उन्हाळ्यात वास मारत असणार."

मी हो म्हणेना. मग ते पश्चिमेकडे चालायलाच लागले, मी मागून. मॉर्फेट स्ट्रीटच्या पुलाखालून थोडं पुढे गेलो तर समोर बंधारा! चार वर्षं राहत होतो इथे, कधी तिथवर गेलोच नव्हतो. मूळचा १८८१चा, पुढे नव्याने बांधलेला. साल ऐकून बाबा खूश. "म्हणजे आपल्या खडकवासल्याच्या वयाचा."

त्याआधी ही नदी उन्हाळ्यात आटून नुसते डोह उरायचे. वसाहतवाल्यांनी काठची झाडं तोडली, पात्रातली खडी उपसली, त्याच पाण्यात घाण टाकली आणि तेच पाणी प्यायले. इथले मूळ रहिवासी काउर्ना लोक, त्यांचं तिचं नाव करावीरा पारी, म्हणजे तांबड्या गम (निलगिरीच्या जातीच्या) झाडांच्या रानातली नदी. ते सरकारी कागदावर यायला २००१ उजाडलं. आणि समुद्राचं म्हणाल, तर ती आपली आपण समुद्राला मिळतच नव्हती. किनाऱ्याच्या टेकाडांमागच्या पाणथळीत, बोरूच्या बेटांत पसरून जायची. समुद्रापर्यंतचा चर खणला १९३७ मध्ये.

तेव्हा नदीच्या बाबतीत मी हरलो, कबूल. पण परतताना बाबा म्हणाले, "काही म्हण, गोऱ्यांनी जागा मोकळी ठेवली. आपल्याकडे केव्हाच खाल्ली असती." तिथे माझं डोकं फिरलं.

अहो, इथेही खाल्लीच! शहराची आखणी करणाऱ्या कर्नल लाइटने १८३७ मध्ये १,०४२ भूखंड आखले आणि भोवती हिरवं कडं सोडलं, हे खरं. (ज्यांची जमीन होती त्या काउर्नांना कोणी विचारलं नाही, हेही खरं.) लाइट बिचारा १८३९ मध्ये क्षयाने गेला. १८४१ मध्ये त्या कड्यात तुरुंग उभा राहिला, १८५६ मध्ये रेल्वे स्टेशन. उरलेल्या जागेत गुरं चरली, कचरा पडला. २०१७ साली सुरू झालेलं मोठं इस्पितळही रेल्वे यार्डाच्या, म्हणजे मूळच्या पार्कलँड्सच्याच जागेवर. साधारण ९३० हेक्टरांतले आज साडेसातशेच्या आसपास उरलेत. तेही कुणाच्या रक्तातल्या शिस्तीमुळे नाही, लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडले म्हणून. पार्कलँड्सचा वेगळा कायदा २००५चा, राष्ट्रीय वारसा यादीत नाव २००८ मध्ये. दोनशे वर्षं कुठली?

बाबांना हे अजून पटलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर दर वेळी तेच.

हां, सायकल. जाता येतं. नदीकाठच्या लिनियर पार्कचा रस्ता डोंगरापासून थेट हेन्ली बीच साउथपाशी समुद्राला लागतो. १९८२ मध्ये काम सुरू झालं, १९९७ मध्ये संपलं, आणि त्यामागे मोठं कारण पुराचं होतं. तुमच्या फेरफटक्याचा विचार नंतरचा. शहरातून समुद्राकडे उतारच आहे, येताना वारा समोरून असला की कळेल. हेल्मेट सक्तीचं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपावतात, तेव्हा तसंही ते लागेलच.

मघाशी एल्डर पार्कचं एवढं कौतुक केलं, त्यात एक सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात तिथल्या पाण्यावर निळं-हिरवं शेवाळ धरतं. बऱ्याच वर्षी बोटीसुद्धा बंद ठेवाव्या लागल्यात. पाण्यात हात घालू नका. बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.