प्रोस्टेट काढल्यानंतर लघवी गळायची थांबते का? तोवर दिवस कसे काढायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅन्सरसाठी प्रोस्टेट ग्रंथी काढली, कॅथेटर (लघवीची नळी) निघून सहा आठवडे झाले. रात्री बऱ्यापैकी कोरडं असतं, पण उठलं, वाकलं, खोकलं की लघवी गळते आणि संध्याकाळी तर धरबंदच राहत नाही. डॉक्टर 'व्यायाम करा, होईल' एवढंच म्हणतात. तुम्ही पाणी कमी केलंय, बाहेर जाणं बंद केलंय आणि ऑफिसला कधी जाता येईल ते कळत नाही.

मी डॉक्टर नाही, पण हेच ऑपरेशन झालेला आणि हेच सगळं भोगलेला पेशंट आहे. त्या नात्याने सांगतो.

'रात्री कोरडं असतं' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात चांगली बातमी तीच आहे. लघवी अडवायला पुरुषाच्या शरीरात दोन पहारेकरी असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी. तो आपोआप काम करतो, आपल्याला पत्ताही नसतो. प्रोस्टेट त्याला अगदी चिकटून असते, त्यामुळे ग्रंथी काढताना तो बराचसा जातो. दुसरा खाली, मूत्रमार्गाभोवतीचा गोल स्नायू, म्हणजे बाहेरचा स्फिंक्टर. जन्मभर दोघांनी वाटून केलेलं काम आता या एकट्यावर पडलंय, तेही ऑपरेशनचा मार खाऊन. आडवं पडल्यावर मूत्राशयावर पोटाचा दाब कमी असतो, तेवढं त्याला झेपतं. उभं राहिलं की दाब वाढतो, खोकल्यावर तर एकदम झटकाच बसतो. आणि दिवसभर धरून धरून संध्याकाळपर्यंत तो दमतो. म्हणजे रात्री कोरडं असेल तर स्नायू जिवंत आहे, कामावर आहे, फक्त अजून पुरा पडत नाही. संध्याकाळी जास्त गळतं म्हणजे काही बिघडत चाललंय असं नाही.

बहुतेकांचं सुधारतं याच क्रमाने: आधी रात्र, मग सकाळ, मग दुपार आणि सगळ्यात शेवटी संध्याकाळ. माझंही तसंच झालं. वेग मात्र प्रत्येकाचा वेगळा. काहींना आठवडे लागतात, बऱ्याच जणांना तीन ते सहा महिने, आणि सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. वय, वजन, आधीपासून लघवीचा त्रास होता का, ऑपरेशनमध्ये नसा किती वाचवता आल्या, नंतर रेडिएशन द्यावं लागलं का, या सगळ्यावर ते अवलंबून असतं. कुणी तुम्हाला टक्केवारी सांगितली तर एक विचारा: 'कोरडा' कुणाला म्हणताय? कुणी एकही पॅड न लागणाऱ्याला कोरडा म्हणतं, कुणी खबरदारी म्हणून दिवसाला एक पॅड वापरणाऱ्यालाही त्यातच मोजतं. आकड्यांत एवढी तफावत दिसते त्याचं मोठं कारण हेच आहे.

आता व्यायाम. 'कीगल करा' म्हणून कागद हातात देतात, पण नेमकं काय आवळायचं हे फार थोडे लोक दाखवतात. अमेरिकेतल्या आर्नल्ड कीगल या डॉक्टरांनी 1948 मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. पुरुषांना समजेल अशी खूण वेगळी आहे. वारा अडवायचा असं समजून गुदद्वाराभोवती आवळा, आणि त्याच वेळी लिंग आत ओढून घ्यायचंय असं मनात आणा. आरशासमोर उघडं उभं राहून केलंत तर लिंगाचं मूळ किंचित आत जाताना आणि अंडकोष थोडे वर उचलले जाताना दिसतात. तसं दिसलं तर बरोबर. पोट ताठ झालं, नितंब घट्ट झाले, श्वास रोखला गेला, तर भलतेच स्नायू काम करताहेत. मला सर्वांत जास्त फायदा झाला तो या आरशाचा. त्याआधी मी नुसताच पोट आवळत होतो की काय, कोण जाणे.

एकदा खूण पटली की दोन प्रकार करायचे. सावकाश आवळून जमेल तेवढे सेकंद धरायचं, हळूहळू दहापर्यंत न्यायचं, आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सोडणं हाही व्यायामच आहे, तो चुकवू नका. दुसरा प्रकार म्हणजे झटकन आवळून झटकन सोडणं, कारण शिंक सावकाश येत नाही. दोन्हींचे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, एवढं पुरतं. काही जण दिवसभर करत बसतात आणि संध्याकाळी जास्तच गळतं म्हणून घाबरतात. दमवलेला स्नायू गळणारच. लघवी चालू असताना मध्येच थांबवून रोज सराव करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागू शकते. शक्य असेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला एकदा तरी भेटा. तुमचं आवळणं बरोबर आहे की नाही हे ते तपासून सांगतात.

ताकदीपेक्षाही मला मोलाची वाटली ती वेळ साधणं. खुर्चीतून उठायचंय? आधी कडेला सरका, पाय गुडघ्यांच्या मागे घ्या. आवळा. मग श्वास सोडत उठा, दोन्ही पायांवर नीट उभे राहा आणि मगच सोडा. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. जड पिशवी उचलताना तेच. सुरुवातीला हे सगळं आठवून आठवून करावं लागतं आणि अगदी वैताग येतो. नंतर शरीर आपसूक करायला लागतं. उठताना गळणं कमी झालं की दिवसातलं निम्मं दुखणं गेल्यासारखं वाटतं.

पाण्याचं म्हणाल तर कमी करू नका. लघवी गडद झाली की मूत्राशयाला उलट चुरचुरल्यासारखं होतं, सारखी घाई होते, बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथण्याचा दाब पडतो तो नेमका त्याच स्नायूंवर. दिवसाला दीड-दोन लिटर, तेही सकाळपासून विभागून. झोपण्याआधीचे दोन तास थोडा हात आखडता घ्या, बस्स. कमी करायचंच असेल तर चहा-कॉफी, सोड्याची पेयं आणि दारू कमी करा. सिगारेट असेल तर तिचा खोकलाच पुरेसा आहे घात करायला. आणि 'कशाला जोखीम' म्हणून दर अर्ध्या तासाला बाथरूमला जाऊन येऊ नका. मूत्राशयाला थोडंच साठवायची सवय लागते आणि मग खरोखरच अर्ध्या तासाने लागते.

पॅडबद्दल. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला जाड असलेले, कपासारखे पॅड येतात. ते घट्ट ब्रीफमध्येच बसतात, सैल कपड्यांत सरकतात. गळणं जास्त असेल तेव्हा चड्डीसारखे घालायचे डायपर वापरा, त्यात कमीपणा कसला? ओला पॅड वेळेवर बदला, साध्या पाण्याने धुऊन, नीट टिपून कोरडं करा, त्वचा लाल दिसली तर झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावा. जाड थर दिला तर तो पॅडला लागतो आणि पॅड शोषेनासा होतो. वासाची भीती सगळ्यांना असते. ताज्या लघवीला फारसा वास नसतो, तासन् तास तशाच ठेवलेल्या पॅडला येतो. पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबा बहुधा नसतोच (हे कुणाच्या लक्षातच येत नाही), म्हणून खिशात एक-दोन अपारदर्शक पिशव्या ठेवा. लांबच्या प्रवासाला कंडोमसारखं चढवायचं, नळीने पायाला बांधलेल्या पिशवीला जोडलेलं कंडोम कॅथेटर सोयीचं पडतं. लिंगाला लावायचा क्लॅम्पही मिळतो, पण तो डॉक्टरांना विचारूनच. दर तास-दोन तासांनी सोडावा लागतो, आणि झोपताना लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट करा: पॅड मोजण्याऐवजी त्यांचं वजन करा. पॅडची संख्या फसवते. माणूस धास्तावला की चार थेंबांनीही पॅड बदलतो, निर्धास्त झाला की भिजेपर्यंत वापरतो. एक छोटा डिजिटल काटा फक्त याच कामासाठी ठेवा. दिवसभराचे वापरलेले पॅड तोंड बांधलेल्या पिशवीत टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी काट्यावर, आणि तितक्याच कोऱ्या पॅडचं व पिशवीचं वजन वजा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. रोज नको, वेड लागेल. आठवड्यातून एकदा, एकाच वारी. 'काहीच फरक नाही' असं मी ठामपणे म्हणत होतो त्या काळात वहीतला आकडा उतरत होता. डॉक्टरांसमोरही 'खूप गळतं' म्हणण्यापेक्षा हा आकडा ठेवला की बोलणं मुद्द्यावर येतं.

आता जे कुणी मोकळेपणी सांगत नाही ते. व्यायाम मनापासून करूनही काहींचं गळणं राहतंच, आणि त्यात त्यांचा आळस नसतो. ब्रिटनमध्ये एका मोठ्या चाचणीत अशाच ऑपरेशननंतर गळणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांना थेरपिस्टने समोर बसवून व्यायाम शिकवला, बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. 2011 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: वर्षाअखेरीस दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मी याचा अर्थ 'व्यायाम सोडा' असा घेत नाही, सुरुवातीच्या महिन्यांत ताबा लवकर यायला त्यांची मदत होते. पण वर्षानंतरही पॅड सुटला नाही म्हणून कुणी तुम्हाला 'तुम्ही नीट केलं नसणार' म्हटलं, तर ते मनाला लावून घेऊ नका.

अशा वेळी दुरुस्ती आहे. सहा महिन्यांनंतरही सुधारणा होत नसेल तर ऑपरेशनचा विषय काढता येतो, आणि वर्षानंतरही त्रास होत असेल तर तो निघालाच पाहिजे. गळणं कमी ते मध्यम असेल तर स्लिंग, म्हणजे मूत्रमार्गाला खालून आधार देणारी जाळीची पट्टी. जास्त असेल तर कृत्रिम स्फिंक्टर. 1970 च्या दशकापासून तो वापरात आहे: मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेला पट्टा, पोटात छोटा फुगा, आणि अंडकोषाच्या पिशवीत पंप. लघवीला जायचं तेव्हा पंप दाबायचा, पट्टा सैल होतो आणि काही मिनिटांत आपोआप पुन्हा भरतो. बसवल्यावर साधारण सहा आठवड्यांनी तो चालू करतात. यंत्रच ते, कधीतरी झिजतं, काही वर्षांनी बदलावं लागू शकतं. आणि पुढे कधीही कुणी कॅथेटर घालायला आलं तर आधी हे सांगायचं, विसरायचं नाही. पण पाच-पाच वर्षं डायपरमध्ये काढलेली माणसं हे नुसतं ऐकूनच थक्क होतात, याचं मला वाईट वाटतं. खोकल्यापेक्षा 'आली की धरवत नाही' अशी घाई जास्त असेल तर तो मूत्राशयाचा चुळबुळेपणा, त्याला गोळ्या असतात. दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडलेल्यांना बहुधा हाच प्रकार होतो, आणि तो बऱ्याचदा आपसूक ओसरतो.

लैंगिक संबंधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. परमोच्च क्षणी थोडी लघवी येणं या ऑपरेशननंतर सर्रास होतं. आधी मूत्राशय रिकामं करा आणि बायकोला आधीच सांगून ठेवा. त्याने तिला काही अपाय होत नाही.

थांबायचं नाही आणि लगेच डॉक्टर गाठायचे ते या वेळी: ताप, जळजळ, रक्ताच्या गाठी, किंवा लघवी अडणं. धार दिवसेंदिवस बारीक होत असेल तरीही. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग जिथे एकमेकांना जोडलेत, तिथे आकसलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि भरून ओसंडून गळत राहतं. त्यावर कितीही आवळलं तरी उपयोग नाही.

ऑफिसचं म्हणाल तर पूर्ण ताबा येईपर्यंत थांबू नका. डॉक्टरांनी टाक्यांच्या दृष्टीने हरकत नाही म्हटलं की आधी अर्धा दिवस जा, आणि तो सकाळचा घ्या, कारण तुमचा स्नायू सकाळी ताजा असतो. बैठका दुपारच्या आत ठेवा, जागा दाराजवळची घ्या, गडद रंगाची पँट घाला, टेबलाच्या खणात एक जादा चड्डी आणि पॅड. एकाच विश्वासातल्या सहकाऱ्याला सांगून ठेवलंत तर मध्येच उठून जाताना कारणं द्यावी लागत नाहीत. मीही असाच परत रुजू झालो, पॅड लावूनच. आज पॅड नाही. मूत्राशय भरलेलं असताना जोरात शिंक आली तर एखादा थेंब अजूनही येतो.

पुढच्या तपासणीला महिनाभराच्या वजनांची वही घेऊन जा, आणि 'होईल' हे उत्तर मिळालं तर विचारा: किती दिवसांत नाही झालं तर पुढे काय करायचं?