सुपरहिरोंच्या प्रेमाबद्दल लिहिण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

सुपरहिरोंच्या दूरचित्रवाणी मालिकांमधील प्रेमसंबंध आणि लैंगिकता या विषयावर तू लिहायला घेतलेल्या दीर्घ लेखाचा आराखडा मन लावून वाचला. विषय चांगला आहे, त्यातली तुझी आस्थाही खरी आहे. म्हणूनच सुरुवातीला स्पष्ट सांगतो की हा आराखडा ज्या प्रश्नावर उभा आहे, तो प्रश्न बदलावा लागेल. प्रत्येक मालिकेला तू एकच गोष्ट विचारली आहेस: मूळ कॉमिक्समध्ये हे नाते असेच होते का? जुने अंक चाळून याचे उत्तर कोणालाही देता येते, आणि ते दिल्यावर हाती फारसे काही लागत नाही. त्याऐवजी असे विचार की हे नाते कथेतून काढून टाकले, तर त्या व्यक्तिरेखेचे काय उरते? ज्या नात्यावाचून व्यक्तिरेखा जशीच्या तशी उभी राहते, ते नाते कितीही गाजावाजा करून पडद्यावर आणलेले असो, कथेने ते मनावर घेतलेले नसते.

मुळाशी निष्ठा ही कसोटी अपुरी का पडते, याचे कारण इतिहासात आहे आणि तो इतिहास तुझ्या लेखात यायलाच हवा. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वेर्थम या मनोविकारतज्ज्ञांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. बॅटमॅन आणि रॉबिन यांचे एकत्र राहणे म्हणजे समलिंगी जोडप्याचे स्वप्नरंजन आहे, असेही त्यांनी त्यात लिहिले. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि सरकारी नियंत्रणाच्या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ ही आचारसंहिता लादून घेतली. प्रेमकथांनी घराचे मूल्य आणि विवाहाचे पावित्र्य ठसवावे, घटस्फोट इष्ट म्हणून रंगवू नये आणि ‘लैंगिक विकृती’चा सूचक उल्लेखसुद्धा नसावा, अशी तिची कलमे होती. समलिंगी आकर्षणाची गणना त्या काळी विकृतीतच होत असे. हे कलम १९८९ च्या दुरुस्तीपर्यंत टिकले. मार्व्हल आणि डीसी या दोन मोठ्या कॉमिक्स प्रकाशनसंस्थांपैकी मार्व्हलने संहिता सोडली ती २००१ साली आणि डीसीने २०११ साली. ज्या मुळाशी प्रामाणिक राहा असे आपण मालिकेला बजावतो, ते मूळच जवळजवळ तीन तपे बंदीखाली लिहिले गेले असेल, तर त्यातली गाळलेली जागा हाही त्या मुळाचाच भाग मानावा लागतो.

बॅटवुमनचे उदाहरण घे. १९५६ साली कॅथी केन या नावाने ती कॉमिक्समध्ये आली तेव्हा बॅटमॅनच्या आयुष्यात एखादी स्त्री दिसावी आणि वेर्थम यांच्या आरोपाला उत्तर मिळावे, हा तिच्या निर्मितीमागचा हेतू होता असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे २००६ साली तेच नाव केट केन या लेस्बियन नायिकेला मिळाले आणि २०१९ साली सीडब्ल्यू वाहिनीवर तिची मालिका सुरू झाली. त्या मालिकेत केट आणि सोफी या दोघींचे लष्करी प्रबोधिनीतले प्रेम उघडकीला येते. केट ते नाकारायला तयार होत नाही आणि तिला बाहेर पडावे लागते, तर सोफी कागदावर सही करून आत राहते. त्यानंतर दोघी ज्या वाटांनी जातात, त्या या एका प्रसंगातून फुटलेल्या आहेत. हे नाते वगळ, म्हणजे केटच्या रागाचे आणि सोफीच्या सावधपणाचे कारणच नाहीसे होईल.

या कसोटीवर मला सर्वांत भरीव वाटते ते ‘डूम पॅट्रोल’ मालिकेतील लॅरी ट्रेनरचे चित्रण, आणि तुझ्या आराखड्यात तो एका ओळीत संपला याचे वाईट वाटले. १९६३ साली कॉमिक्समध्ये अवतरलेला लॅरी हा चाचणी वैमानिक होता. एका उड्डाणात त्याच्या देहात ऊर्जेचा एक जीव शिरतो आणि किरणोत्सर्गामुळे त्याला कायम पट्ट्यांत गुंडाळून राहावे लागते. तेव्हाच्या अंकांत त्याच्या समलिंगी असण्याचा प्रश्नच नव्हता. २०१९ साली आलेल्या मालिकेने हा सगळा सांगाडा ठेवला आणि त्यात एक गोष्ट घातली: लॅरी विवाहित आहे, दोन मुलांचा बाप आहे आणि जॉन बोवर्स या सहकाऱ्यावर त्याचे लपवून ठेवलेले प्रेम आहे. एवढ्याने जुन्या प्रत्येक तपशिलाला नवा अर्थ आला. पट्ट्यांआडचा चेहरा, इतरांना आपल्यामुळे इजा होईल ही भीती, आणि देहात राहणारे, आपल्या इच्छेला न जुमानता बाहेर पडणारे असे काहीतरी, ही सारी लक्षणे कॉमिक्समध्ये आधीपासून होतीच. मालिकेने बाहेरून काही चिकटवले नाही. जे होते त्याच्या मुळाशी असू शकणारे दुःख शोधले. तो ऊर्जाजीव लॅरीला वारंवार जॉनच्या आठवणींत ओढून नेतो आणि आपण कोणाकोणाला फसवले हे पाहायला लावतो. त्याच्या पत्नीवर झालेला अन्यायही तिथे झाकला जात नाही. अपघाताने त्याला राक्षस केले नाही, त्याच्या आधीच तो स्वतःला राक्षस मानत होता, हे पाहणाऱ्याला हळूहळू उमगते. त्याचे प्रेम काढून टाकलेस तर पट्ट्यांत गुंडाळलेला एक विचित्र माणूस तेवढा शिल्लक राहील. मॅट बोमर हा उघडपणे समलिंगी असलेला नट हा आवाज देतो, ही नोंद जरूर कर. पण त्या नोंदीवर थांबू नकोस, लेखनातले कसब दाखव.

मॅगी सॉयरचा प्रवासही असाच तपासण्यासारखा आहे, कारण तिच्या निमित्ताने कॉमिक्स आणि दूरचित्रवाणी या दोन्ही माध्यमांच्या अडचणी दिसतात. १९८७ साली जॉन बर्न यांनी सुपरमॅनच्या अंकात ही पोलीस अधिकारी आणली. संहितेचे कलम शाबूत असल्याने तिचे लेस्बियन असणे तो शब्द न उच्चारता सुचवावे लागले, आणि तिला एक मुलगी होती जिचा ताबा तिने गमावला होता. पुढे तिची आणि केट केनची जोडी जमली. २०१३ साली डीसीने या दोघींचे लग्न होऊ देण्यास नकार दिला तेव्हा बॅटवुमनच्या लेखकद्वयाने काम सोडले. सुपरहिरोंना सुखी खासगी आयुष्य असू नये, विरोध लैंगिकतेला नसून लग्नालाच आहे, असा खुलासा प्रकाशकांनी केला. मला हा खुलासा अपुरा वाटतो, कारण इतकी दशके ज्यांना प्रेमाचा उच्चारच नाकारला गेला, त्यांना सर्वांसारखाच नियम लावल्याने न्याय होत नाही.

तीच मॅगी २०१६ साली ‘सुपरगर्ल’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वात आली. नायिकेची मानलेली बहीण ॲलेक्स डॅन्व्हर्स ही खास मालिकेसाठी निर्माण केलेली व्यक्तिरेखा आहे. मॅगीच्या सहवासात तिला स्वतःची ओळख पटते, आणि त्यासाठी लेखकांनी तिला बराच वेळ दिला आहे: आधी नकार, मग अर्धवट कबुली, बहिणीला सांगताना शब्द न सापडणे, आईची प्रतिक्रिया. बहिणीचे गुपित जपण्यातच तरुणपण गेलेल्या बाईला स्वतःच्या मनाकडे पाहायला सवड मिळाली नव्हती, हे कारण सुपरहिरो कथेच्या घडणीतूनच आले आहे, म्हणून ते पटते. तिसऱ्या पर्वात मात्र ॲलेक्सला मूल हवे आणि मॅगीला नको, यावरून त्यांचे ठरलेले लग्न मोडते. आता पडद्यामागची बाजू पाहा: मॅगी साकारणाऱ्या फ्लोरियाना लिमा यांना त्या मालिकेत नियमित कलाकार म्हणून पुढे राहायचे नव्हते. जोडी फोडणे भाग होते. प्रश्न होता तो कारणाचा. लेखकांनी ना मॅगीला मारले, ना तिला विश्वासघातकी ठरवले. दोन प्रामाणिक माणसांमध्ये खरोखर निर्माण होऊ शकेल असा मतभेद त्यांनी निवडला. कॉमिक्समधली मॅगी आई होती, हे आठवले की या बदलाची किंमतही कळते. तरीही मी लेखकांच्या बाजूने कौल देईन, कारण मूल हवे असणे हा ॲलेक्सचा स्वभाव पुढे टिकला आणि २०२१ च्या अखेरच्या भागात केली ऑल्सनशी तिचे लग्न झाले, तेव्हा त्या कुटुंबात एक दत्तक मुलगीही होती. दूरचित्रवाणीवर लिहिताना कलाकारांचे करार, वाहिनीची बदली आणि पर्वांची अनिश्चिती या गोष्टी कलेबाहेरच्या समजू नकोस. पुष्कळ प्रेमकथांचा शेवट तिथेच ठरतो.

याच मालिकेतील निया नाल तुझ्याकडून राहून गेली आहे. २०१८ साली निकोल मेन्स या ट्रान्सजेंडर अभिनेत्रीने ही ट्रान्सजेंडर सुपरहिरो साकारली. तिच्या घराण्यात भविष्याची स्वप्ने पाहण्याची शक्ती आईकडून मुलीकडे येते; ती आपल्यालाच मिळणार असे थोरल्या बहिणीने गृहीत धरलेले असते आणि ती येते नियाकडे. बहिणीच्या तोंडून त्या क्षणी निघालेले कडवट शब्द ऐकताना शक्तीचा वारसा आणि स्त्री म्हणून मान्यता हे दोन प्रश्न एकच होऊन जातात.

‘ॲरो’ मालिकेबद्दल फार लिहू नकोस. कॉमिक्सप्रमाणे नायक ऑलिव्हरची जोडी लॉरेल लान्सशी जमायची होती. एका भागापुरती आणलेली फेलिसिटी स्मोक प्रेक्षकांना भावली आणि कथेने दिशा बदलली. यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षे भांडण केले आहे, त्यात तू पडू नयेस. त्यापेक्षा लॉरेलची बहीण सारा लान्स हिच्याकडे पाहा. ही बायसेक्शुअल नायिका २०१४ साली तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात मारली गेली. पडद्यावर समलिंगी प्रेम करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला इतक्या वेळा मरणच येते, की या मृत्यूकडे नुसती कथेची गरज म्हणून पाहता येत नाही. पुढे तिला जिवंत केले गेले, ‘लेजेंड्स ऑफ टुमॉरो’मध्ये ती जहाजाची कप्तान झाली आणि २०२१ साली तिचे ॲवा शार्पशी लग्न झाले. एका चुकीची भरपाई एवढ्या सविस्तरपणे केल्याची उदाहरणे थोडी आहेत.

लग्नानंतर कथेत रस उरत नाही, हे मत तू आराखड्यात सिद्धान्तासारखे मांडले आहेस; ते तपासून घे. १९९३ साली सुरू झालेल्या ‘लोइस अँड क्लार्क’ मालिकेशी मेळ साधण्यासाठी कॉमिक्समधले सुपरमॅनचे लोइसशी होणारे लग्न लांबवले गेले, त्या रिकाम्या जागेत १९९२ साली त्याच्या मृत्यूची कथा आली, आणि अखेर ऑक्टोबर १९९६ मध्ये दोन्ही माध्यमांत लग्न लागले. ज्या पर्वात लग्न झाले तेच मालिकेचे अखेरचे पर्व ठरले, यावरून लग्नाला दोष दिला जातो. परंतु त्याआधीच लेखकांनी लोइसच्या जागी तिची प्रतिकृती बोहल्यावर उभी करून प्रेक्षकांची फसगत केली होती, हे विसरता येणार नाही. उलट २०२१ ते २०२४ या काळात ‘सुपरमॅन अँड लोइस’ने लग्न झालेले, दोन किशोरवयीन मुलांचे घर हाच पाया धरला, आणि लोइसच्या कर्करोगापुढे सुपरमॅनची सारी ताकद निरुपयोगी ठरताना दाखवली. शत्रूशी झालेल्या कोणत्याही लढाईपेक्षा ते पर्व मला अधिक धैर्याचे वाटले.

‘जेसिका जोन्स’विषयी लिहिताना तुझी लेखणी थोडी घाईत आहे. मनावर ताबा मिळवणारा किलग्रेव्ह जेसिकाला अनेक महिने आपल्याजवळ ठेवतो. २०१५ च्या मालिकेने ते कृत्य पडद्यावर दाखवले नाही, पण त्याला बलात्कार हेच नाव जेसिकाच्या तोंडून त्याच्यासमोर दिले. उंची हॉटेले आणि भेटवस्तूंचा दाखला देणाऱ्या त्या माणसाला आपण काय केले हे उमगतच नाही. ल्यूक केजशी जुळणाऱ्या तिच्या नात्यावरही या अनुभवाची सावली आहे. म्हणून हा विभाग ‘धाडसी दृश्ये’ या मथळ्याखाली ठेवू नकोस. संमती हाच त्या मालिकेचा विषय आहे.

केवळ एका वाक्यात उरकलेल्या उल्लेखांबद्दल रागावून लिहू नकोस. २०२१ साली ‘लोकी’च्या तिसऱ्या भागात लोकी आपल्याला स्त्री आणि पुरुष दोघांचेही आकर्षण असल्याचे सांगतो, ते ऐकून कुणा मुलाला किंवा मुलीला बरे वाटले असेल, तर त्याची किंमत आहेच. मात्र ते वाक्य गाळले तरी कथेत काहीच बदलत नाही, हेही नोंदवायला हवे. अशा उल्लेखांशेजारी ‘द बॉइज’मधली क्वीन मेव्ह ठेव. तिचाच सहकारी सुपरहिरो होमलँडर तिचे एका स्त्रीशी असलेले खासगी नाते थेट प्रक्षेपणात उघड करतो, आणि लगेच या सुपरहिरोंना पदरी ठेवणारी कंपनी त्याची जाहिरात मोहीम बनवते. ती बायसेक्शुअल असूनही विकायला सोपे म्हणून तिला लेस्बियन ठरवते. सुपरहिरो उद्योग लैंगिकतेचा माल कसा करतो, हे त्याच उद्योगातील मालिकेने इतके थेट सांगणे मला महत्त्वाचे वाटते.

शेवटचा मुद्दा तुझ्या वाचकांचा. ॲलेक्सची कथा प्रथम प्रक्षेपित झाली तेव्हा भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा मानत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरवले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. तुझा लेख पुण्यात, नांदेडात किंवा म्हापशात वाचणाऱ्यांपैकी काहींनी ही कथा त्या काळात, घरच्यांपासून लपवून पाहिलेली असेल. त्यांच्याविषयी ‘ते लोक’ असे लिहिले जाणार नाही, याची काळजी प्रत्येक परिच्छेदात घे. ते तुझे वाचक आहेत, अभ्यासाचा विषय नव्हेत.

आता मालिकांची संख्या निम्म्यावर आण. लॅरीपासून सुरुवात कर, संहितेचा इतिहास त्याच्या ओघात येऊ दे, ॲलेक्स आणि मॅगीला सर्वाधिक जागा दे. ‘डूम पॅट्रोल’चे पहिले पर्व पुन्हा पाहून, जॉनच्या आठवणींचे प्रसंग क्रमाने टिपून घेतल्याशिवाय नवा खर्डा लिहायला बसू नकोस. तो तयार झाला की पाठव, मी सविस्तर वाचेन.

कळावे,
तुझा शुभचिंतक