एकाच मॉडेलचा लॅपटॉप नागपुरात आणि स्वीडनमध्ये वापरला, तर पर्यावरणाचं नुकसान वेगवेगळं होतं का?

होतं. 'माझा लॅपटॉप तुझ्यापेक्षा कमी प्रदूषण करतो' हे तुमच्या स्वीडनमधल्या भावाचं म्हणणं विजेपुरतं खरं आहे. पण लॅपटॉप नुसती वीज खात नाही.

तरी आधी विजेचंच बघू. ५० वॅटचा लॅपटॉप रोज सहा तास, वर्षाचे ३०० दिवस चालला, तर ९० युनिट होतात. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोराडीचं कोळशावर चालणारं वीज केंद्र तुमच्या उशाशीच आहे, तुम्हाला वेगळं काय सांगायचं! म्हणजे वर्षाला ६३ किलो. स्वीडनची बहुतेक वीज पाणी, अणुभट्ट्या आणि वाऱ्यावर तयार होते. तिथे युनिटमागे अगदी ५० ग्रॅम धरले तरी साडेचार किलो. चौदापट फरक.

आता भाऊ काय विसरतो ते. खोक्यातून बाहेर यायच्या आधीच लॅपटॉपच्या नावावर दोन-अडीचशे किलो चढलेले असतात. कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांतही साधारण असेच आकडे दिसतात. चिप, स्क्रीन, मदरबोर्ड हे सगळं मुख्यतः चीन, तैवान, कोरियात बनतं आणि तिथे कोळशाची वीज भरपूर. हा बोजा तुम्हा दोघांवर सारखाच. शिवाय बॅटरीतल्या कोबाल्टसाठी काँगोत जमीन खणली जाते, चुंबकांतल्या दुर्मीळ धातूंसाठी चीनमधल्या बाओतोऊजवळ विषारी गाळाचं तळं साचलंय. ते कुठल्या किलोत मोजायचं?

म्हणून भावाला एकच विचारा: लॅपटॉप किती वर्षांनी बदलतोस? अडीचशे किलो धरून तो दर दोन वर्षांनी नवा घेत असेल, तर वर्षाला १२५ अधिक साडेचार, म्हणजे जवळपास १३०. तुम्ही तोच सहा वर्षं ओढलात तर ४२ अधिक ६३, म्हणजे १०५. कोळशाच्या विजेवर चालवूनही तुम्ही पुढे! 'नवा कमी वीज खातो' या जाहिरातीलाही फार भुलू नका. वर्षाला ३० युनिट वाचले तरी नव्याचे अडीचशे किलो फिटायला बारा वर्षं लागतील.

मोडीत निघताना मात्र पारडं पुन्हा भावाकडे झुकतं. स्वीडनमध्ये रोनशेरला बोलिडेन कंपनीच्या भट्टीत सर्किट बोर्डांतून तांबं-सोनं काढतात, धूर गाळून. आपल्याकडे भंगारवाला दारात येऊन पैसे देऊन माल नेतो, गोळा करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण तो माल पुढे दिल्लीतल्या सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादकडे गेला, तर बोर्ड उघड्यावर जाळले जातात, ॲसिडात बुडवले जातात आणि शिसं तिथल्या कामगारांच्या अंगात जातं. तेव्हा तुमचा लॅपटॉप अगदीच गेला, की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या. चार पैसे कमी मिळतील.

आणि हो, मोबाइलला हा विजेचा हिशोब लावू नका. तो वर्षाला जेमतेम पाच-सात युनिट खातो. कुठल्या देशात चार्ज केला याने फारसं बिघडत नाही, किती वर्षं वापरला याने बिघडतं.