‘मी ओरडते आणि मग रात्री रडत बसते’ : पालकांचे प्रश्न, थेरपिस्टची उत्तरं

या वेळी पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून जास्त ‘मुलगा ऐकत नाही, काहीतरी सांगा’ याच वळणाची. त्यातली चार घेतलीयेत. नावं गाळलीत, राहायची ठिकाणं मात्र ठेवली, कारण मुंबईत माणूस कुठे राहतो कळलं की त्याचा अर्धा दिवस न सांगता कळतो.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. शाळा सकाळची, पावणेसहाला उठवावं लागतं. मी फोर्टला नोकरी करते, घरी पोचायला सव्वाआठ होतात. घरी सासूबाई असतात. आल्याआल्या डायरी बघते, होमवर्क अर्धवट असतं आणि माझा आवाज चढतो. परवा तर वही फेकली. दुपारच्या डब्यानंतर मी थेट साडेनऊला जेवते, मग भांडी, मग त्याचा उरलेला अभ्यास, झोपायला सव्वाअकरा. तो झोपला की त्याच्याकडे बघून रडू येतं. मी वाईट आई आहे का? अँगर मॅनेजमेंटचा कोर्स करू का?
– एक आई, डोंबिवली

ताई, कोर्स राहू द्या. तुमच्या पत्रातलं ‘डब्यानंतर थेट साडेनऊला’ हे वाक्य आधी बघू. सीएसएमटीवरून गर्दीची गाडी, बहुतेक उभ्यानेच, उतरून रिक्षाची लाइन, आणि दार उघडल्यावर चप्पल काढायच्या आधी डायरी हातात. पोटात सात-आठ तास काही नाही आणि समोर अपूर्णांकांची गणितं, अशा वेळी कुणीही ओरडेल, मीसुद्धा. माझ्याकडे येणाऱ्या आईबाबांना मी पहिल्या भेटीत मुलाबद्दल फार विचारतच नाही, कालचा अख्खा दिवस कागदावर लिहायला लावते, घरातलं कोण कधी उठलं, काय खाल्लं, कधी बसलं, कधी झोपलं. लोक वैतागतात, ‘मॅडम, आम्ही मुलासाठी आलोय’ म्हणतात. पण कागद भरत आला की बऱ्याचदा त्यांचं त्यांनाच दिसतं की घरात भांडण होतं ते रोज ठरलेल्या वेळेलाच होतं.

तुमची ती वेळ सव्वाआठची आहे. तर पर्समध्ये चणे-शेंगदाणे, चिक्की, केळं, काहीही ठेवा आणि ठाणं गेलं की खा, लोक बघतात तर बघू देत. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं डायरी नाही आणि ‘काय केलंस आज’ ही चौकशी पण नाही. हातपाय धुवा, चहा घ्या, तो काय बडबडतोय ते ऐका, क्रिकेटचं असेल, शाळेत कुणाचा डबा सांडला ते असेल. मग अर्धा तास होमवर्क. उरलं तर उरलं, डायरीत दोन ओळी लिहून सही करा. टीचर काय म्हणतील? म्हणू देत, एका अपुऱ्या होमवर्कने सहावीतल्या मुलाचं काही वाकडं होत नाही.

आणि त्याची झोप. ६ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. तुमचा मुलगा सव्वाअकरा ते पावणेसहा, म्हणजे साडेसहा तास झोपतो. रोजचे अडीच तास कमी, तेही कमीत कमी धरून. झोप कमी पडलेलं मोठं माणूस पेंगतं, लहान पोर बऱ्याचदा उलट करतं, ते चिडतं, उड्या मारतं, एका जागी बसत नाही, आणि आपण म्हणतो ‘हायपर झालाय’. सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं, पण तुमचा सहावीत, त्यामुळे त्याला त्याचा उपयोग नाही, सकाळ हलणार नाही तर रात्रच अलीकडे ओढावी लागेल. त्याला सासूबाईंबरोबर आठच्या आत जेवू दे. तो तुमच्यासाठी जेवायचा थांबत असेल तर त्यात प्रेम आहे हे कबूल, पण तुम्ही जेवताना तो शेजारी बसून एखादं बिस्किट खाईल की. लक्ष्य साडेनऊच्या आत अंथरूण. लगेच होणार नाही, दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा.

आता रडण्याबद्दल. १९७० च्या दशकात एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. बाळाशी हसतखेळत असलेल्या आईला सांगितलं, आता थोडा वेळ चेहरा एकदम कोरा ठेवायचा. बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला परत आणायचा प्रयत्न करतं, मग बिथरतं. आई परत बोलायला लागली की बाळही हळूहळू सावरतं. पुढे त्याने हेही दाखवलं की चांगलं जमणाऱ्या आई-बाळांचे सूरसुद्धा बराच वेळ जुळलेले नसतात, ते तुटतात आणि परत जुळतात, आणि हे जुळणं मुलाला घडवतं. तेव्हा ‘वाईट आई’ वगैरे सोडा, जुळवायचं कसं ते बघा. झोपलेल्या मुलाजवळ रडलात तर त्याला काय कळणार? तो जागा असताना म्हणा, ‘परवा मी वही फेकली, ते माझं चुकलं, मी दमले होते.’ बास. पुढे ‘पण तूही अभ्यास केला नव्हतास’ जोडलंत की ती माफी राहत नाही, लेक्चर होतं.

जाता जाता, पत्रात मुलाच्या बाबांचा कुठे उल्लेखच नाही. घरात असतील तर हे होमवर्क नक्की कुणाचं, यावरही जरा बोला.

प्रश्न : एका वीकेंड वर्कशॉपचा फॉरवर्ड आलाय, ‘होलिस्टिक पेरेंटिंग’, त्यात साउंड हीलिंग, क्रिस्टल, मुलाची ऑरा वगैरे. फी चांगलीच आहे. मी डिप्रेशनच्या गोळ्या घेते, ते म्हणतात हळूहळू सुटतील. जाऊ का?
– ठाणे

साउंड हीलिंगमधला वाटीचा नाद ऐकून शांत वाटत असेल तर जरूर ऐका, त्यात वाईट काही नाही. पण गोळ्या फक्त ज्यांनी लिहून दिल्या त्या डॉक्टरच्या सांगण्यानेच कमी करायच्या, मध्येच सोडल्या तर त्रास होतो आणि आजार उलटूही शकतो. ‘गोळ्या सुटतील’ असं फीबरोबर कुणी विकत असेल तर मी तिथून निघेन. होलिस्टिक हा शब्द आजकाल फार महाग झालाय बाकी. माझ्या लेखी त्यात झोप, जेवण, चालणं, औषध, पैशाचं टेन्शन आणि घरात कोण कुणाशी बोलतं एवढं सगळं येतं, आणि यातलं बरंचसं फुकट आहे.

प्रश्न : मुलगी दहावीत. क्लासची दर रविवारी टेस्ट असते आणि शनिवारी रात्रीपासून तिचं पोट दुखतं. दोन महिने झाले, खोलीचं दार बंद, जेवण कमी, मैत्रिणींचे फोन पण उचलत नाही, रात्री एकपर्यंत मोबाइल. बायको म्हणते नाटकं आहेत, माझी आई म्हणते नजर लागलीय. काउन्सेलरकडे न्यावं तर उद्या लग्नाच्या वेळी कुणाला कळलं तर?
– एक बाबा, मुलुंड

दादा, पोटदुखी खरी आहे. टेन्शनमध्ये आतडी आवळतात, ती मेंदूशी नसांनी थेट जोडलेली असतात, तेव्हा ‘नाटक’ हा शब्द घरातून आजपासून काढा. आधी नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ बघून घ्या, पाळीबद्दल आईने विचारावं. अंगात रक्त कमी असलं तरी मुलं अशीच गळून जातात आणि आपण मनाच्या मागे लागतो. उलटही खरं, रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे ‘काही नाही झालंय’ असं नाही. दोन आठवड्यांच्या वर कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, मैत्रिणी सुटल्या असतील तर दाखवायला हवं, आणि तुमचे तर दोन महिने झालेत. बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये होईल मग बघू, असं करू नका.

एक प्रश्न मात्र आजच विचारा. जेवणाच्या टेबलावर नाही, गाडीत किंवा चालताना, जिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही. ‘तुला कधी जगू नये असं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरतं ही भीती बहुतेक आईबाबांना असते, तसं होत नाही, उलट मुलांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं, किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्रीबेरात्री काही सुचेना तर १४४१६ लावा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन, २०२२ पासून आहे, २४ तास, फुकट आणि मराठीतही बोलतात.

कुठे न्यायचं? केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे, थांबावं लागतं, पण डॉक्टर चांगले असतात. प्रायव्हेटमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन आहे का हे बिनधास्त विचारा, चांगल्या माणसाला राग येत नाही. आणि लग्नाचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, डॉक्टर तुमच्या आत्याला सांगायला जाणार नाही. सांगितलं तर घरातलंच कुणीतरी सांगेल, म्हणून आईला आत्ताच समजावून ठेवा.

मोबाइल हिसकावू नका. सध्या तिच्यासाठी ती एकच उघडी खिडकी असेल. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळे म्हणजे तुमचाही. आणि रविवारची टेस्ट महिनाभर बंद ठेवायला क्लासला कळवा, फी भरलीय हे कारण सांगू नका मला.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा, दिवसभर माझ्याकडे. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय घास घेत नाही. सून चिडते, पण तिला दिवसभर कुठे सांभाळावं लागतं? माझे गुडघे दुखतात.
– आजी, गिरगाव

आजी, अडीच वर्षांच्या पोरामागे ताटली घेऊन फिरायचं म्हणजे गुडघ्यांचं काम नव्हेच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २ ते ४ वयाला दिवसात स्क्रीन एक तासाच्या वर नको, कमी असेल तर उत्तम. तो तास तुम्हाला लागेलच, तुमचा स्वयंपाक चालू असताना वापरा, जेवताना नको, कारण गाण्यात लक्ष असलं की पोट भरल्याचं कळत नाही. खाली सतरंजी टाकून त्याला समोर बसवा, तुम्ही खुर्चीत बसा, आणि ताटलीत वरणभाताचे छोटे मुटके ठेवून त्याला हाताने खाऊ द्या. सांडेल. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचला, ओरडणं नाही, मागे धावणं नाही. चार-पाच दिवस कमी जेवेल, रडेल, मग भूक आपलं काम करते. वजन ठीक आहे ना तेवढं लसीकरणाला जाल तेव्हा बघून घ्या. सूनबाईंना हे पान जरूर वाचायला द्या, आणि रविवारचा दुपारचा घास त्यांनी भरवायचा असं आत्ताच ठरवून टाका, तुमच्या गुडघ्यांना तेवढीच सुट्टी.