काळी पिल्ले, पांढरी आई

प्रश्न : उंदरांवरील प्रयोगांच्या बातम्यांत कधी ‘भित्रेपणा जनुकांत असतो’ असे वाचायला मिळते, तर कधी ‘पिल्लूपणी सोसलेला ताण जन्मभर पुरतो’ असे. यांतले खरे काय मानावे, आणि ते आपल्या मुलांना लागू होते का? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : दोन्ही विधाने प्रयोगांतूनच आलेली आहेत. चूक होते ती ‘इतके जनुकांचे, इतके संगोपनाचे’ अशी वाटणी करू पाहण्यात.

प्रयोगशाळांत दोन वाण फार वापरले जातात : काळा, तुलनेने धीट ‘सी५७ब्लॅक/६’ आणि पांढरा, बुजरा ‘बाल्ब/सी’. सलग वीस किंवा अधिक पिढ्या सख्ख्या भावंडांचाच संकर केलेला असल्यामुळे एका वाणातले उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखे असतात. त्यांना जमिनीपासून उंचावर, अधिकच्या चिन्हाच्या आकाराच्या मंचावर सोडतात. त्याच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. काळा उंदीर उघड्या भुजेच्या कडेशी येऊन खाली डोकावतो, तर पांढरा बहुधा भिंतीचा आडोसा सोडत नाही. इथवर पाहिले तर निकाल जनुकांच्या बाजूने लागला, असेच कोणालाही वाटेल.

संशोधक डार्लिन फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये नेमके हेच तपासले. त्यांनी काळ्या वाणाचे भ्रूण पांढऱ्या मादीच्या गर्भाशयात रुजवले आणि जन्मलेली काळी पिल्ले पांढऱ्या मादीच्याच अंगावर वाढू दिली. मोठेपणी ही पिल्ले रंगाने काळीच राहिली, पण चाचण्यांत पांढऱ्यांसारखी वागली. नुसता गर्भ परका किंवा नुसते संगोपन परके असेल, तर मात्र हा बदल दिसला नाही. दोन्ही एकापाठोपाठ लागत होते. माझ्या मते हा तपशील बातमीत सर्वांत आधी यायला हवा, आणि नेमका तोच गळतो.

ताणाची खूण शरीरात कुठे उरते, हे म्युनिकच्या मॅक्स प्लांक मनोविकार संस्थेतील गटाने 2009 मध्ये दाखवले. जन्मानंतरचे पहिले दहा दिवस पिल्लांना रोज तीन तास आईपासून दूर ठेवले असता, मेंदूतील व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या जनुकावरील मिथाइल गट (जनुकाला चिकटून त्याचे काम आवरणारे छोटे रासायनिक गट) कमी झाले. जनुकातील अक्षरे तीच राहिली, पण त्यावरचा लगाम सैल झाला. त्यामुळे ताणाचे संप्रेरक चढे राहिले आणि पोहण्याच्या चाचणीत हे उंदीर इतरांपेक्षा जास्त वेळ हालचाल न करता, म्हणजे सुटकेची धडपड सोडून, नुसते तरंगत राहिले.

मुलांबाबत सरळ निष्कर्ष काढू नये. उंदराचे पिल्लू आंधळे, केसरहित जन्मते आणि तीन आठवड्यांत दूध सोडते. तिथले दहा दिवस म्हणजे आपल्या बाळाचे किती महिने, याचे कोष्टक मांडता येत नाही. शिवाय पहिल्या दिवसांतच सारे संपते, असे उंदीरवर्गातही नाही. आईपासून तोडलेल्या मोठ्या जातीच्या उंदरांना (इंग्रजीतले ‘रॅट’; वरचे प्रयोग ‘माउस’वरचे होते. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतात, ही एक अडचण) दूध सुटल्यावर ऐसपैस पिंजरा, सोबती आणि खेळणी दिली, तेव्हा त्यांचा ताणाला मिळणारा प्रतिसाद निवळला, असे 2002 मधील एका प्रयोगात दिसले. मेंदूतील जुनी खूण मात्र पुसली गेली नव्हती. तिच्यावर मात करणारे दुसरेच काही घडले होते.